पोरगी तर घरातच आहे

९ नोव्हेंबर, चिलमारी

शेवटच्या पाहणीचा पहिला दिवस आणि होडी वाळूत रुतली. नावाडी बसल्या जागेवरून बिडी ओढत म्हणाला, "उतरा आपा, ढकला. ढाक्याच्या साहेबांना कळवा, नदीनं उत्तर द्यायला नकार दिला म्हणून." सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून मी आणि बकुल त्या गारठ्यात ब्रह्मपुत्रेत उतरलो. बकुलच्या रंगपुरी शिव्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. ती माझ्या हाताखाली काम करते असं ऑफिस समजतं. खरं म्हणजे ती पुढे घरात शिरते, पाटावर बसते, कोंबड्यांची चौकशी करते, आणि मग मागून मी टॅब काढून प्रश्न विचारते.

तीन वर्षांपूर्वी चिठ्ठ्या टाकून अर्ध्या चरांवर, म्हणजे नदीतल्या वाळूच्या बेटांवर, किशोरी घरं उघडली. उरलेल्या अर्ध्यांवर काही नाही. चिठ्ठ्या मीच काढल्या होत्या. कलाईचरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या आणि बोआलचरचा म्होरक्या माझ्याकडे असा बघत राहिला, जशी काही त्याची चिठ्ठी मीच गिळली होती. किशोरी घरात मुली दुपारी येतात, गणित-इंग्रजी करतात, शिवण शिकतात. जी अठरा वर्षांची होईपर्यंत बिनलग्नाची राहील तिला शिवणयंत्र. आता दोन्हीकडच्या चरांवर घरोघर जाऊन पलंग किती, कोंबड्या किती असं बरंच विचारायचं, पण मुख्य प्रश्न एकच, मुलीचं लग्न झालं का? किशोरी घर असलेल्या चरांवर लग्नं कमी निघाली, तर योजना लागू पडली. शितावरून भाताची परीक्षा, दुसरं काय.

आज कलाईचरवर सगळीकडे एकच उत्तर. "लग्न? पोरगी तर घरातच आहे की, आपा!" मला हे उत्तर फार आवडलं. 'नाही' म्हणण्यापेक्षा यात केवढा अभिमान आहे.

१४ नोव्हेंबर

लायजूकडे गेलो. वय सतरा, येत्या उन्हाळ्यात अठरा पूर्ण होतील. चरावरची पोरं शाळेत उशिरा जातात, म्हणून मॅट्रिकला आत्ता बसणार, फेब्रुवारीत. बाप वीटभट्टीवर, वर्षातून दोनदा येतो. घर आई चालवते, जोबेदा.

लायजूला मी पहिल्या वर्षापासून ओळखते. किशोरी घरात शिकवणारी बाई आजारी पडली की हीच लहान मुलींचा वर्ग घेते. मी विचारलं, पुढे काय होणार? बाकीच्या मुली नर्स म्हणतात, मास्तरीण म्हणतात. ही म्हणाली, "अमीन."

"जमीन मोजणारा अमीन?"

"हो. पाणी ओसरलं की नवी वाळू वर येते आणि दुसऱ्या दिवशी सगळा चर काठ्या घेऊन उभा. प्रत्येकजण म्हणतो माझ्या आजोबांची. अमीन येतो, कोंबडी खातो आणि ज्याची कोंबडी त्याच्या बाजूनं साखळी ओढतो. मी कोंबडी खाणार नाही." मग थोडं थांबून, "खाईन, पण साखळी सरळ ओढीन." राजशाहीला मोजणीचं शिक्षण मिळतं, मुलींचं वसतिगृह आहे, मॅट्रिकला गणितात चांगले गुण लागतात, ही सगळी माहिती तिनं काढून ठेवली आहे. मला भरून आलं. आपल्यातलीच निघाली ही, मोजणारी.

लग्नाचा प्रश्न विचारला तेव्हा ती कोंबडी हाकलायला उठली. उत्तर जोबेदानं दिलं. पोरगी तर घरातच आहे.

२२ नोव्हेंबर

बोआलचर. इथे किशोरी घर नाही. लायजूची मावसबहीण शाहिदा इथलीच, लायजूच्याच वयाची. एक कडेवर, एक पायाशी. नियमाप्रमाणे विचारावंच लागतं, म्हणून विचारलं, लग्न झालंय का? ती म्हणाली, "मग हे कडेवर काय आहे आपा, भोपळा?" तिची सासू खो खो हसली. शाहिदाही हसली. तिचे पुढचे दोन दात पडलेत.

दिवसभर हेच. चौदाव्या वर्षी, पंधराव्या वर्षी. संध्याकाळी होडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मला आनंद झालाय. तिकडे 'नाही', इकडे 'हो'. एवढा स्वच्छ फरक आमच्या धंद्यात माणसाला जन्मात एकदा बघायला मिळतो. शाहिदाचे दात बघून वाईट वाटायला हवं होतं. हे फक्त इथे लिहिते.

२७ नोव्हेंबर

आरशाद सर फोनवर नुसते नाचत होते. "महफुजा, जानेवारीच्या मध्याला पैसे देणाऱ्या मंडळाची बैठक आहे. हे आकडे दाखवले की आणखी शंभर चर! वर पुढची पाच वर्षं तुलाही काळजी नाही." सर ढाक्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात, पण माणूस वाईट नाही.

नंतर बोगऱ्याहून अम्माचा फोन. "लोकांच्या पोरींची लग्नं मोजत फिरतेस, स्वतःचं बघ. तो कॉलेजातला विधुर अजून तयार आहे." मी म्हटलं, माझं एकदा झालंय. अम्मा भडकली. "कुठे झालंय? नुसतं आकद झालं होतं. उठवून नेलं का त्यानं? मी तर कुणाला सांगतसुद्धा नाही."

आकद म्हणजे मौलवीसमोर कबूल म्हणणं. उठवून नेणं म्हणजे नंतर सासरच्यांनी येऊन वाजतगाजत घेऊन जाणं. माझा आकद झाला आणि तो मलेशियाला गेला. परत आलो की उठवून नेतो म्हणाला. नऊ वर्षांपूर्वी मी त्याच्या नावानं दोन ईदा नव्या साड्या नेसून बसले, आणि तिसऱ्या ईदेच्या आधी तलाकचा कागद आला. अम्माच्या हिशेबी मी कोरी. पण मी तीनदा कबूल म्हटलं होतं. माझ्याच कानांनी ऐकलंय.

चरावर निदान असले शहरी चोचले नाहीत. इथे सकाळी कबूल आणि संध्याकाळी होडीत.

४ डिसेंबर

आज जे झालं ते मला नीट लिहायला हवं.

लायजूकडे राहिलेली एक-दोन उत्तरं घ्यायला गेलो होतो. जोबेदानं तांदळाचा वाफवलेला भापा पिठा केला होता, आतला गूळ वितळून हाताला चटके बसत होते. बकुलचा तिसरा चालू होता. तेवढ्यात पलीकडच्या तीरावरचा मक्याचा व्यापारी सोलेमान अंगणात आला. शालीतून नुसतं नाक बाहेर. आम्ही चुलीच्या आडोशाला होतो, त्याला दिसलो नाही.

"काय विहीणबाई," तो म्हणाला, "मशीन उन्हाळ्यात नक्की ना? पोरगा विचारून विचारून माझं डोकं खातो. बाजारात त्यानं गाळासुद्धा बघून ठेवलाय."

जोबेदानं त्याला डोळ्यांनी दटावलं. लायजू घरात कधी डोकं झाकत नाही. तिनं ओढणी कपाळापर्यंत ओढली आणि आत निघून गेली. सोलेमान आम्हाला बघून खाकरला, धुक्याबद्दल बोलला, एक पिठा खाल्ला आणि गेला.

मी हसले. मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. मुलगी वयात आली की आडून आडून विचारणारे असतातच. होडीत बसल्यावर बकुल म्हणाली, "आपा, विहीणबाई म्हणून कुणी उगाच हाक मारत नाही. बायको मारेल त्याला."



५ डिसेंबर

सकाळीच परत गेले, एकटी. जोबेदाला सरळ विचारलं, लायजूचा आकद झालाय का?

"झालाय की," ती म्हणाली. भीती नाही, शरम नाही. "दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही मला लग्न झालं नाही म्हणून कसं सांगितलंत?"

"उठवून कुठे नेलंय अजून? लग्न कुठे झालं मग? पोरगी तर घरातच आहे! मी एक अक्षर खोटं बोलले नाही आपा, कुराणावर हात ठेवते."

आणि खरंच ती खोटं बोलली नव्हती. गेल्या महिन्यात घरोघर जे उत्तर मला एवढं गोड लागलं, त्याचा अर्थ हा होता. सोलेमाननं आधी मोटारसायकल मागितली होती. शेवटी सौदा शिवणयंत्रावर ठरला. म्हणून आकद गुपचूप उरकायचा, मुलगी आईबापाकडेच ठेवायची, अठरा झाली की यंत्र घ्यायचं आणि यंत्रासकट उठवून न्यायची. काझीच्या नोंदवहीत लग्न तेव्हाच चढेल, म्हणजे कायद्यालाही बाधा नाही.

"आणखी कुणाकडे असं आहे?"

"जिथे मशीन येणार तिथे," जोबेदा म्हणाली. "किशोरी घर तुम्ही म्हणता. इथे सगळे मशीन-घर म्हणतात."

मी स्वतः हे नाव शंभरदा ऐकलं होतं. लाडानं म्हणतात असं मला वाटायचं. तीन वर्षं आम्ही हुंडा वाटत फिरत होतो, आणि मी त्याची बेरीज करत होते.

७ डिसेंबर

लायजू आज चिलमारीला आली. परीक्षेच्या प्रवेशपत्राचं काम होतं म्हणाली. माझ्या खोलीत कधी आली नव्हती. आधी सगळीकडे बघून घेतलं, मग म्हणाली, "आपा, तुम्ही एवढ्या लोकांचे पलंग मोजता, तुमचा तर एकच आहे." मी चहा केला, टोस्ट दिले. तिनं टोस्ट बुडवला, तो तुटून चहात पडला, आणि तो बोटानं काढता काढता तिनं विचारलं, "कधी लिहिणार?"

मी म्हटलं, काय?

"आईनं सांगितलंय मला. फेब्रुवारीनंतर लिहा, आपा. माझे पेपर संपू देत."

मी म्हटलं, तुझ्या एकटीचा प्रश्न नाही. "तू कबूल म्हटलंस ना?"

"म्हटलं. पंधरा वर्षांची होते. मौलवीसाहेबांनी विचारलं, आईनं मागून चिमटा काढला." ती हसली. "पण त्यानंतर मी दोन वर्षं शाळेत गेलेय. शाहिदाला विचारा, तिला त्याच दिवशी नेलं. मला का नाही नेलं? मशीनसाठी. आधी नेलं आणि तुम्हाला कळलं तर मशीन जाईल म्हणून. सोलेमान व्यापाऱ्याचा माझ्यापेक्षा मशीनवर जास्त जीव आहे, म्हणून तर मी दहावीला पोचले."

"आणि अठरा झाल्यावर?"

"तोवर मॅट्रिक झालेलं असेल. गणितात गुण पडले तर मामा बापाशी बोलणार आहे. राजशाहीचं. कागद मोडता येतो आपा, आणि माझा तर अजून कागदही नाही." ती माझ्याकडे टक लावून बघत होती. "आज मशीन बंद झाली, तर ते उद्या होडी घेऊन येतील."

मी वचन दिलं नाही. देणं बरोबर झालं नसतं. नुसतं कबूल म्हटलं म्हणजे काही झालं नाही, असं ती समजते. त्याचं काय होतं ते मला विचारा. जाताना तिनं स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला.

८ डिसेंबर

आरशाद सरांना सांगितलं. मग म्हणाले, "महफुजा, प्रश्न काय होता? लग्न झालं का. उत्तर काय आलं? नाही. आपण आपलं काम केलं."

मी म्हटलं, प्रश्नच चुकीचा होता.

"बैठक होऊ दे. तू मला फेब्रुवारीत सांग. आज तू फोन केलाच नाहीस असं मी समजतो."

म्हणजे लायजू जे मागते तेच सरही मागतात. तिला परीक्षा हवी, यांना शंभर चर हवेत. हा योगायोग मला किळसवाणा वाटला.

११ डिसेंबर

तीन दिवस झोप नाही. बकुलशी बोलले. ती म्हणते, "दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

आभाळच कोसळणार आहे. बैठकीत आणखी शंभर चर मंजूर होतील. तिथल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींचे आकद यंत्राच्या आशेनं उरकले जातील. आज त्यांच्या आया म्हणत असतील, अजून लहान आहे. उद्या म्हणतील, यंत्र येणारच आहे, मग स्थळ अडवून ठेवू. हे मला माहीत असून मी गप्प बसायचं, कारण एक मुलगी मला आवडते? मग माझ्यात आणि कोंबडी खाणाऱ्या अमीनात फरक काय? साखळी सरळ ओढायची तर सगळ्यांच्या शेतातून सरळ ओढायची.

सरांना लिहून पाठवलं. आता 'फोन केलाच नाहीस' म्हणायची सोय राहिली नाही. संध्याकाळी त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं. आकद झाला का, हा नवा प्रश्न घ्या. दोन्हीकडे पुन्हा जा.

छातीवरचा दगड उतरला. मी बरोबर केलं याची मला खात्री आहे.

१७ डिसेंबर

धुकं एवढं की नावाडी तोंडानं भोंगा वाजवत होडी हाकतो. पुन्हा त्याच घरी, एकच प्रश्न. बायका लपवत नाहीत. "आकद ना? हो, झालाय. ते विचारायचं होतं, तर आधीच विचारायचं!"

लायजूकडे आज. या नव्या प्रश्नाचं उत्तर मुलीकडूनच घ्यायचा नियम आहे. मी आधी वाचून दाखवलं, उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस, तो तुझा हक्क आहे.

"नाही दिलं तर काय लिहाल?"

"उत्तर देण्यास नकार."

"आणि ढाक्याला त्याचा अर्थ काय लावतील?"

मी टॅबची काच ओढणीनं पुसली.

"मग 'हो'च लिहा," ती म्हणाली. "निदान सरळ तरी."

बकुल तिच्याकडे पाठ करून कोंबड्यांना काहीतरी टाकत होती. तिच्या हातात काहीच नव्हतं.

२९ डिसेंबर

सगळी उत्तरं जुळवून झाली. आकद धरला तर दोन्हीकडे सारखंच. किशोरी घर असलेल्या चरांवर जेवढ्या मुलींचं झालंय, तेवढ्याच नसलेल्या चरांवर. योजनेचा लग्नाच्या वयावर परिणाम नाही. एका वाक्यात तीन वर्षं संपली.

बकुल खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "पण आपा, इकडच्या पोरी शाळेत जातात आणि तिकडच्या पोरी पोरं सांभाळतात. हे कुठे आलंय यात?"

मी म्हटलं, तो मुख्य प्रश्न नव्हता. सुरुवातीलाच ठरवून दिलेला प्रश्न लग्नाचा. नंतर आपल्याला हवा तो प्रश्न निवडायचा म्हणजे बाण मारून मग भोवती वर्तुळ काढायचं. शाळेचे आकडे मागे जोडतात, वाटलं तर कुणी वाचतं.

"तुमचा मुख्य प्रश्न तुम्हालाच लखलाभ," बकुल म्हणाली आणि मफलर गुंडाळून घरी गेली. तिला या कामातली शिस्त कळत नाही. तशी ती कुणालाच सहज कळत नाही.

१६ जानेवारी

बैठक झाली. नवे चर नाहीत. जुनी किशोरी घरंही या महिनाअखेर बंद, यंत्रं थांबवली. सर म्हणाले, "मंडळानं तुझं नाव घेऊन कौतुक केलं. एवढा प्रामाणिकपणा हल्ली दिसत नाही म्हणाले." मला पुढचं काम देणार आहेत, नदीच्या खालच्या अंगाला, लहान मुलांच्या जेवणाचं.

अम्माला सांगितलं. तिनं विचारलं, "मग त्या पोरींचं काय?" तिला एवढंच सुचतं.

१९ जानेवारी

घाटावर शिवणयंत्रं बघितली. शेजारच्या चरावर वाटायला आणली होती, ती खोक्यासकट रंगपूरला परत चालली. हमालांच्या भोवती बायांची गर्दी. एकीनं मला ओळखलं. "आपा, आमच्या पोरीचा काय गुन्हा?" मी म्हटलं, गुन्हा नाही, निर्णय आहे. तिला काही समजलं नसावं. मलाही ते वाक्य बोलल्यावर कसंतरी झालं.

२६ जानेवारी

नावाड्यानं सांगितलं. लायजूला काल उठवून नेलं.

सोलेमान म्हणाला म्हणे, मशीन नाही तर वाट कशाची बघायची, घरात बाई माणूस कमी आहे. वाजंत्री नाही, जेवण नाही. दोन होड्या आल्या आणि गेल्या. मॅट्रिकचा पहिला पेपर पुढच्या आठवड्यात. परीक्षेनंतर न्या, असं जोबेदा म्हणाली तर तो म्हणाला, आधी मशीननंतर म्हणत होतात, आता परीक्षेनंतर म्हणता. तुमचं नंतर काही संपत नाही.

मी संध्याकाळी कलाईचरला गेले. का गेले माहीत नाही. वाटलं होतं जोबेदा दारातून हाकलेल. तिनं पाट दिला, मुरमुरे आणि गूळ पुढे ठेवला. म्हणाली, "तुमचं काय चुकलं, आपा? तुम्ही खरं तेच लिहिलंत. आमच्याच नशिबात नव्हतं." ते ऐकून मला बरं वाटलं. येताना होडीत तेच तेच आठवत होते. पण बरं वाटणं घाटापर्यंतसुद्धा टिकलं नाही.

भिंतीला एक फळी आहे, तिच्यावर लायजूची पुस्तकं तशीच होती. सासरी न्यायची नाहीत असं कुणी म्हटलं नव्हतं, जोबेदा म्हणाली. तिनंच नेली नाहीत.

२ फेब्रुवारी

आज पहिला पेपर. सकाळी घाटावर गेले होते. मुलींची होडी आली, सगळ्यांच्या हातात पारदर्शक पिशवीत पेनं. मी मोजल्या नाहीत.

१९ मार्च

खालच्या अंगाला जाण्याआधी एक काम उरलं होतं. प्रत्येक मुलीची शेवटची नोंद घ्यायची, मधल्या काळात ज्या घर सोडून गेल्या त्यांनाही गाठून. सगळ्यात शेवटी लायजू ठेवली होती. बकुल म्हणाली, मी जाते, तुम्ही नका येऊ. मी गेले.

सोलेमानचं घर पलीकडच्या तीरावर, पत्र्याचं, मोठं. अंगणभर मका वाळत घातलेला. सासू पाटावर येऊन बसली ती शेवटपर्यंत हलली नाही. लायजू डोक्यावरून पदर घेऊन आली. हातांना मक्याची भुकटी. बारीक झालीय. मला 'कशा आहात' म्हणाली, जसं कुणालाही म्हणतात तसं.

प्रश्न तिला पाठ आहेत. माझं वाक्य संपायच्या आत उत्तर येत होतं. लग्न झालं? हो. सासरी राहता? हो. शाळा? नाही. शेवटची इयत्ता? दहावी. परीक्षा दिली? नाही. एकदाही आवाज हलला नाही. उत्तरं द्यायला इतकी चांगली मुलगी मला तीन वर्षांत मिळाली नव्हती. आणि हे मनात आल्याबरोबर स्वतःची इतकी घृणा वाटली की टॅब मांडीवर उलटा ठेवावा लागला.

मला तिला सांगायचं होतं की मी चुकले. ते खरं आहे का हे अजूनही ठरत नाही. त्या शंभर चरांवरच्या मुली माझ्या डोळ्यांसमोर येतात, पण त्यांना चेहरे नाहीत, आणि ही समोर बसलेली. तिचं नाव माहीत असूनही मी तिच्या दोन वर्षांचं मोल शून्य धरलं. माझ्या स्वतःच्या नऊ वर्षांचा राग मी तिच्यावर काढला का? सासू समोर होती. मी टॅब पुन्हा सुलटा केला.

शेवटी प्रत्येकीला विचारायचा एक प्रश्न असतो. तुम्हाला मला काही विचारायचं आहे का? बहुतेक जणी म्हणतात, पुन्हा कधी येणार, काही मिळणार का.

लायजूनं सासूकडे बघितलं. सासू मक्याला लागलेल्या चिमण्या हाकत होती.

"गणिताचा पेपर कसा होता, आपा?" तिनं हळूच विचारलं. "भूमितीत काय आलं होतं?"

मला माहीत नव्हतं. त्या पेपरला बसलेल्या कितीतरी मुलींच्या घरी मी याच महिन्यात जाऊन आले होते, आणि एकीलाही ते विचारलं नव्हतं.